आठ बाय चारची फळी

प्लायवूडचा शीट आठ फूट बाय चार फुटांचा येतो. सुताराला हे माप कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो फोनवर ‘आठ-चारचे सहा पाठव’ म्हणतो आणि वखारवाला समजतो. अमेरिकेतही माप हेच आहे. २०२०च्या मे महिन्याच्या अखेरीला मिनियापोलिस शहरात, लेक स्ट्रीटवर, अपटाउनमध्ये, डाउनटाउनमध्ये, असे शीट दुकानांच्या काचांवर ठोकले गेले आणि पाहता पाहता त्यांच्यावर चित्रं आली. चेहरे, मुठी, फुलं, नावं, शिव्या, प्रार्थना. या संग्रहातले लेख त्या चित्रांबद्दल आणि त्यांच्या आसपासच्या भिंती, रस्ते, पुतळे यांच्याबद्दल आहेत. वाचकाने चित्राआधी फळी पाहावी, एवढी माझी विनंती आहे.

फळी लावली दुकानदाराने, रस्त्यावरच्या संतापाला भिऊन. तिच्यावर रंगवलं पुष्कळदा त्याच रस्त्यावरच्या माणसांनी. ज्यांच्यापासून काच वाचवायची त्यांच्याच पुढ्यात दुकानदाराने नकळत कोरी पाटी धरली. राजाने चित्रकाराला भिंत दिली, देवस्थानाने दिली, शेठजींनी दिली, हे आपण कलेच्या इतिहासात शिकतो आणि शिकवतो. भीतीने दिलेल्या भिंतीचा धडा आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

आधी घटना सांगते, कारण आता कॉलेजात येणारी मुलं तेव्हा शाळेत होती. २५ मे २०२०, सोमवार. शहराच्या दक्षिण भागात, ३८वा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यू जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकात ‘कप फूड्स’ नावाचं किराणा दुकान. वीस डॉलरची नोट खोटी असल्याच्या संशयावरून पोलिस आले आणि जॉर्ज फ्लॉइड या ४६ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाला त्यांनी रस्त्यावर पालथं पाडलं. डेरेक शॉव्हिन या गोऱ्या अधिकाऱ्याने त्याच्या मानेवर गुडघा दाबून धरला, तो जीव जाईपर्यंत आणि गेल्यावरही. डार्नेला फ्रेझियर ही सतरा वर्षांची मुलगी तिथे उभी होती. तिने फोनवर हे सगळं टिपलं आणि त्यामुळेच जगाला ते दिसलं. पुढच्या वर्षी पुलित्झर मंडळाने तिचा खास गौरव केला. शॉव्हिन २० एप्रिल २०२१ रोजी दोषी ठरला आणि त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या दिवसांत शहर पेटलं. २८ मेच्या रात्री पोलिसांचं थर्ड प्रिसिंक्ट, आपल्या भाषेत तिसरं ठाणं, जळालं. मिनियापोलिस आणि शेजारचं सेंट पॉल मिळून सुमारे १,५०० ठिकाणांचं नुकसान झालं. लेक स्ट्रीटजवळ ‘गांधी महाल’ नावाचं एका बांगलादेशी कुटुंबाचं हॉटेल होतं. त्याच्या एका खोलीत जखमी आंदोलकांवर उपचार चालले होते. तेही आगीत गेलं. इमारत पुन्हा उभी करता येईल, आधी न्याय झाला पाहिजे, असं मालकाने जाहीरपणे म्हटलं. नावामुळे ही बातमी आपल्याकडच्या पेपरांत जरा जास्तच गाजली.

या दिवसांना काय म्हणायचं, इथूनच मराठीत लिहिणाऱ्याची पंचाईत सुरू होते. तिथल्या वाहिन्यांनी वापरलेल्या शब्दाला आपण ‘दंगल’ म्हणतो. पण मराठीत दंगल म्हटलं की डोळ्यांपुढे दोन जमाती येतात, संचारबंदी येते, मोहल्ला कमिटी येते. त्या चौकातली माणसं स्वतः वापरतात तो शब्द ‘उठावा’च्या जवळचा आहे. पण उठाव म्हटलं की १८५७, आणि १८५७ला बंड म्हणायचं की उठाव की स्वातंत्र्यसमर यावर आपल्याकडे शंभर वर्षं शाई खर्ची पडली आहे. या संग्रहात आम्ही ‘उठाव’ ठेवला. सगळ्या लेखकांना तो पटलेला नाही. एकीने आपल्या लेखात ‘ते दिवस’ एवढंच लिहिलं आहे आणि मला ते मनातून आवडलं. ‘भित्तिचित्र’ या शब्दाचीही हीच गत. जे फळीवर आहे, डांबरावर आहे, बस थांब्याच्या काचेवर आहे, त्याला भिंत कुठली? तरी दुसरा सोपा शब्द नसल्याने तो राहिला आहे.

आता एक चित्र जवळून पाहू. ज्या दिवशी रात्री ठाणं जळालं त्याच दिवशी, २८ मेला, कप फूड्सच्या बाजूच्या भिंतीवर हे चित्र रंगवलं गेलं. झीना गोल्डमन, केडेक्स हेरेरा, ग्रेटा मॅक्लेन आणि त्यांचे साथीदार सकाळी कामाला लागले आणि साधारण बारा तासांत चित्र पुरं झालं. मधोमध फ्लॉइडचा चेहरा, दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत त्याचं नाव, डोक्यामागे सूर्यफूल. लांबून पाहिलं तर ख्रिस्ती संतांच्या किंवा आपल्या देवादिकांच्या मागे असते तशी प्रभावळ वाटते. जवळ गेलं की फुलाच्या काळसर गाभ्यात बारीक अक्षरं दिसतात. ती नावं आहेत, पोलिसांच्या हातून मेलेल्या इतर माणसांची. सूर्यफुलाच्या गाभ्यात बिया असतात, तिथे नावं. जगभरच्या बातम्यांत हे चित्र हजारदा दिसलं, पण बातमीच्या फोटोत ती नावं वाचता येत नाहीत. प्रभावळ लांबून, नावं जवळून. एकाच चित्राचे हे दोन अर्थ प्रेक्षक किती पावलांवर उभा आहे यावर ठरतात.

याच चित्राच्या तळाशी सुरुवातीला एक ओळ होती. आता मला श्वास घेता येतोय, अशा अर्थाची. फ्लॉइडच्या तोंडचे शेवटचे शब्द श्वास घेता येत नसल्याचे होते, त्यांना दिलेलं हे उत्तर. काढणाऱ्यांचा हेतू सांत्वनाचा होता. वस्तीतल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना ते सांत्वन झोंबलं: मेलेला माणूस श्वास कसा घेईल, आणि आमचा कोंडलेला श्वास मोकळा झाला असं परस्पर ठरवलं कुणी? ओळ पुसली गेली. आज त्या चित्राचे जे फोटो पुस्तकांत छापले जातात त्यांतल्या काहींत ती आहे, काहींत नाही. विद्यार्थ्याने हे दोन्ही फोटो शेजारी ठेवावेत. मुख्य चित्रकारांत कृष्णवर्णीय कोणी नव्हतं, या वस्तुस्थितीवर या संग्रहात दोन लेख आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. मी संपादक म्हणून मध्ये पडले नाही. माझं मत विचाराल तर चित्र कोणी काढलं यापेक्षा सांगितल्यावर ओळ पुसली, ही गोष्ट मला मोठी वाटते. आपल्याकडे किती शिल्पकारांनी वस्तीचं ऐकून पुतळ्याखालची ओळ बदलली आहे?

फळ्यांवर पुष्कळ ठिकाणी चित्र नव्हतंच, नुसता मजकूर होता. ‘दुकान अल्पसंख्याकांचं आहे’, ‘वर मुलं राहतात’ असं घाईघाईत मार्करने लिहिलेलं. हे निषेधाचं लेखन आहे की संरक्षणाचं? काही संशोधक ते कलेत धरत नाहीत. मी धरते. दाराला लिंबू-मिरची बांधावी तसं ते आहे, आणि तरीही त्यात शेजाऱ्याशी बोलणं आहे. काही ठिकाणी असं लिहिलेल्या फळीवर नंतर कुणीतरी फूल काढलं, त्यावर कुणी फ्लॉइडचं नाव टाकलं, त्यावर तिसऱ्याने स्प्रे मारला. फळी म्हणजे थरांची वही झाली. वरचा थर सुंदर म्हणून तेवढ्याचाच फोटो काढणारे आम्ही लोक खालची तीन पानं फाडून टाकतो.

थरांवरून आठवलं, त्या दिवसांतल्या असंख्य चित्रांवर एक आकडा दिसतो, ८:४६. आठ मिनिटं शेहेचाळीस सेकंद. पहिल्या आरोपपत्रात गुडघा एवढा वेळ मानेवर होता असं म्हटलं होतं. मोर्चांत लोक तेवढा वेळ स्तब्ध उभे राहिले, फळ्यांवर घड्याळं रंगवली गेली. २०२१च्या खटल्यात सरकारी पक्षाने मांडलेला वेळ होता नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद. म्हणून कोऱ्या करकरीत रंगात ८:४६ दिसलं तर चित्र बहुधा पहिल्या उन्हाळ्यातलं, एवढा अंदाज बांधता येतो. नाण्यावरच्या राजाच्या नावाने थर ठरवावा, तसा हा आकडा. पण जुन्या चित्रावरचा आकडा दुरुस्त करावा का? काही ठिकाणी केला गेला. इतिहासकार म्हणून माझा जीव तुटतो. ज्याचा भाऊ तसा गेला असेल त्याला ती ४३ सेकंदं खोडून ठेवणं सहन होणार नाही, हेही मला कळतं.

आता रस्त्यावरच्या या कलेच्या अभ्यासक्षेत्रातल्या, माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येते. जून सरता सरता दुकानं उघडू लागली, फळ्या उतरू लागल्या. उतरलेली फळी दुकानदाराच्या दृष्टीने रद्दी. मागच्या गल्लीतल्या कचराकुंड्यांशेजारी चित्रं उभी राहू लागली. तेव्हा लीसा केली आणि केंडा झेलनर-स्मिथ या दोन तरुण कृष्णवर्णीय स्त्रियांनी, आधी एकमेकींना न सांगता, फळ्या गोळा करायला सुरुवात केली. दुकानदारांना विचारायचं, गाडी आणायची, शीट उचलायचा, कुठेतरी आडोशाला लावायचा. केली यांच्या ‘मेमोरियलाइझ द मूव्हमेंट’ या संस्थेकडे पुढे शेकड्यांनी फळ्या जमल्या. संग्रहालयाचा अधिकारी येऊन ‘ही ठेवा, ती टाका’ असं म्हणण्याआधीच त्या वाचल्या होत्या. चांगलं चित्र, वाईट चित्र, नुसता मजकूर, सगळं.

वजनाचा विचार करा. जाड प्लायचा एक शीट एकट्या माणसाला धड उचलवत नाही. तिथे पुष्कळ फळ्या तर प्लायच्याही नव्हत्या. लाकडाच्या कपच्या गोंदात दाबून केलेला स्वस्त बोर्ड होता. त्याच्या कडा पाणी पितात, फुगतात, कपच्या सुटतात आणि सुटताना रंग घेऊन जातात. रंगही कसले? घराला मारायचा उरलेला रंग, स्प्रेचे डबे, मार्कर. यातलं टिकण्यासाठी काहीच केलेलं नव्हतं. बुरशी, ऊन, खिळ्यांची भोकं. अजिंठ्याच्या चित्रांचं संवर्धन शिकलेल्या माणसाने इथे हात टेकावेत अशी अवस्था.

चौकातही असंच काहीतरी चाललं होतं, वेगळ्या रीतीने. मृत्यूच्या जागी लोक फुलं, पत्रं, बाहुल्या, मेणबत्त्या, पाट्या ठेवून जात होते. जनेल ऑस्टिन या त्याच भागात वाढलेल्या बाईंनी रोज जाऊन ती जागा नीट करायला सुरुवात केली. पडलेलं उचलायचं, भिजलेलं वाळवायचं, वाऱ्याने गेलेलं परत आणायचं. हळूहळू शेजारी जोडले गेले. त्यांनी ठरवलेलं तत्त्व साधं होतं: इथली प्रत्येक वस्तू कुणीतरी वाहिलेली आहे, तेव्हा काहीच फेकायचं नाही. आणि त्याच्याच जोडीला दुसरं: स्मारकापेक्षा माणूस मोठा. मिनेसोटाच्या थंडीत, पारा शून्याच्या खूप खाली असताना, हे चालू राहिलं. कोरडी फुलंसुद्धा ठेवली गेली. कागदाचं, कापडाचं संवर्धन कसं करतात ते शहरातल्या तज्ज्ञांनी नंतर या शेजाऱ्यांना शिकवलं.

कोकणात आणि गोव्यात गावाला राखणदार असतो. तो देवळात नसतो, वेशीवर, झाडाखाली असतो, आणि त्याच्याकडे लक्ष असतं ते गावाच्या हद्दीत कोण येतं, काय जातं याकडे. माझं आजोळ तिकडचं असल्यामुळे असेल, पण ‘क्युरेटर’ला मराठी शब्द शोधताना मला ‘अभिरक्षक’पेक्षा ‘राखण’ जवळचा वाटतो. आम्ही कलेचे अभ्यासक चित्र कोणी काढलं, कोणत्या शैलीत, कोणाच्या प्रभावाने, यात वर्षं घालवतो. या क्षेत्रात आधी विचारायचं ते चित्राची राखण कोणी केली, आणि कोणाच्या सांगण्यावरून. हा माझा आग्रह आहे आणि संग्रहाची रचनाही मी तशीच केली आहे: राखणाऱ्यांचे लेख आधी, चित्रकारांचे नंतर. प्रकाशकांना उलटा क्रम हवा होता.

राखणं म्हणजे गोठवणंही नव्हे. शिकागो अव्हेन्यूच्या डांबरावर, चौकाच्या उत्तरेला, मारी मॅन्सफिल्ड यांनी पोलिसांच्या हातून गेलेल्यांची नावं ओळीने रंगवली. रस्त्यावरचा रंग हिवाळ्यात टिकत नाही. बर्फ ओढणारी गाडी आणि मीठ दोन्ही त्याला खातात. मग नावं पुन्हा रंगवायची. संग्रहालयवाल्याला मूळ रंग हवा असतो, इथे मूळ काही उरतच नाही. आपल्या रस्त्याकडेच्या म्हसोबाला वर्षानुवर्षं शेंदूर चढत जातो, मूळ दगड कसा आहे ते गावात कुणीच पाहिलेलं नसतं, आणि तरी तो गावचाच म्हसोबा असतो. तिथे नाव राहतं, रंग बदलतो. याउलट त्याच चौकातली लाकडी मूठ. जॉर्डन पॉवेल केरिस यांनी आराखडा केलेली ही उंच मूठ चौकाच्या मध्यभागी उभी होती. जानेवारी २०२१मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीदिवशी, तिच्या जागी पोलादी मूठ आली. जुनी लाकडी निवृत्त झाली असं वाटत असतानाच एप्रिलमध्ये जवळच्या ब्रुकलिन सेंटरमध्ये डॉन्टे राइट हा वीस वर्षांचा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला, आणि ती तिकडे नेऊन उभी केली गेली. तेव्हा शॉव्हिनचा खटला चालूच होता. एका शिल्पाची बदली झाली, सरकारी नोकराची होते तशी.

हे सगळं त्याच चौकात का, असं विद्यार्थी विचारतात. गुन्हा तिथे घडला, हे उत्तर पुरत नाही. मिनियापोलिसमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घरांच्या खरेदीखतांत एक अट घालायची पद्धत होती: हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकू वा भाड्याने देऊ नये. मिनेसोटा विद्यापीठातला ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ हा प्रकल्प २०१६पासून ही खतं वाचून नकाशावर मांडतो आहे. खत हे आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत धूळ खाणारं प्रकरण. तिथे हजारो खतं स्वयंसेवकांनी बसून वाचली. १९३१च्या जुलैत आर्थर ली हा पहिल्या महायुद्धात लढलेला, टपाल खात्यात काम करणारा कृष्णवर्णीय माणूस बायकोमुलीसह कोलंबस अव्हेन्यूवर राहायला आला, तेव्हा त्यांच्या घराभोवती हजारोंचा जमाव दिवसेंदिवस उभा राहिला. ते घर ३८व्या रस्त्याच्या चौकापासून चालत जायच्या अंतरावर आहे. तर चौथ्या अव्हेन्यूच्या बाजूला ३८व्या रस्त्याच्या जवळच ‘मिनेसोटा स्पोक्समन-रेकॉर्डर’ या १९३४ साली सुरू झालेल्या कृष्णवर्णीय वृत्तपत्राची कचेरी. म्हणजे अटींच्या भिंतींमधून उरलेल्या जागेत जे जग वसलं, त्याच्याच भिंतींवर २०२०चे रंग लागले. चित्राचा अभ्यास खरेदीखतापासून सुरू करावा लागतो तो यासाठी.

मागची परंपरा थोडक्यात सांगून पुढे जाते, कारण तिच्यावर इंग्रजीत पुष्कळ आहे. १९६७मध्ये शिकागो शहरात (चौकाच्या अव्हेन्यूशी नाव जुळतं, बाकी संबंध नाही) ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली गेली. १९७१च्या आगीनंतर ती इमारतच पाडली. मेंफिसच्या सफाई कामगारांनी १९६८च्या संपात छातीवर धरलेली ‘मी माणूस आहे’ अशी पाटी. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्रासाठी एमरी डग्लस यांनी काढलेली चित्रं, जी वस्तीतल्या भिंतींवर चिकटवली जायची.

इथे मराठी वाचकाला परकं वाटायचं काही कारण नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामीचा अंत करणाऱ्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने संघटनेला नाव देताना ओकलंडकडे पाहिलं आणि ‘दलित पँथर’ जन्मली. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीत करून दिली. आपण या विषयाकडे पाहुणे म्हणून जात नाही, एवढं खरं. पण यजमान असल्यासारखं वागण्याचा मोहही टाळावा. २०२०च्या जूनमध्ये आपल्याकडच्या अनेकांनी फ्लॉइडचं चित्र डीपीला लावलं आणि आपल्या गल्लीतल्या बातमीवर गप्प राहिले, हे मी माझ्याच फोनवर पाहिलं. त्या उन्हाळ्यात सीरियातल्या इदलिब प्रांतात बॉम्बने कोसळलेल्या घराच्या भिंतीवर अझीझ अस्मर आणि अनीस हमदून यांनी फ्लॉइडचा चेहरा रंगवला. कराचीत ट्रक रंगवणारे हैदर अली यांनी आपल्या घराच्या भिंतीवर रंगवला. ही चित्रं डीपीपेक्षा वेगळी ठरतात ती रंगवणाऱ्याची स्वतःची भिंत पणाला लागली म्हणून.

चित्र पाहताना एक सावधगिरी मात्र हवी. मिनेसोटातच, उत्तरेकडच्या डलुथ गावात, १५ जून १९२० रोजी सर्कशीत काम करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय तरुणांना जमावाने फाशी दिली. त्याचे फोटो निघाले आणि त्या फोटोंची पोस्टकार्डं विकली गेली. लोकांनी ती पाठवली, जपून ठेवली. तिथे स्मारक झालं ते २००३मध्ये. म्हणजे मेलेल्या कृष्णवर्णीय देहाचं चित्र जपणं ही त्या राज्यात आधी मारणाऱ्यांच्या बाजूची सवय होती. २०२०च्या चित्रकारांपैकी बहुतेकांनी गुडघा रंगवला नाही. जिवंत, समोर पाहणारा चेहरा रंगवला. चौकात बराच काळ उभं असलेलं पेटन स्कॉट रसेल यांचं बारा फुटी काळं-पांढरं चित्र पाहा: नुसता चेहरा. रसेल यांनी १९९५मध्ये उत्तर मिनियापोलिसमध्ये मुलांना कला शिकवणारी ‘जक्स्टापोझिशन आर्ट्स’ ही संस्था सुरू करणाऱ्यांत भाग घेतला होता, स्प्रेच्या डब्याशी त्यांची जुनी ओळख. जुलै २०२०मध्ये प्लिमथ अव्हेन्यूवर ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’ या चळवळीच्या तीन शब्दी घोषणेची सोळा इंग्रजी अक्षरं सोळा कृष्णवर्णीय कलावंतांनी एकेक करून रंगवली, तेव्हा त्यांतही ते होते. वॉशिंग्टनमध्ये हीच घोषणा महापालिकेने पिवळ्या रंगात रस्ताभर रंगवून घेतली होती, व्हाइट हाउससमोर. २०२५च्या मार्चमध्ये ती उखडण्यात आली. सरकारने रंगवलेलं सरकारने काढलं, फळीवरच्या फुलाइतकाही त्याला आडोसा मिळाला नाही.

ज्यांना या क्षेत्रात काम करायचं आहे त्यांनी सुरुवात सेंट पॉलच्या सेंट थॉमस विद्यापीठातल्या ‘अर्बन आर्ट मॅपिंग’ या गटाच्या संग्रहापासून करावी. हेदर शायरी, टॉड लॉरेन्स आणि पॉल लोरा, एक कलेतिहासाच्या, एक लोकसाहित्याचे, एक भूगोलाचे, या तिघांनी २०१८मध्ये शेजारच्या वस्त्यांतल्या भिंतींची नोंद घ्यायला सुरुवात केली होती. मे २०२० उजाडलं तेव्हा नोंदवही तयार होती, म्हणून जगभरातून आलेली छायाचित्रं ठिकाण आणि तारखेसह तिच्यात जाऊ शकली. मांडणी अशी की पुसलेलं, विद्रूप केलेलं, रंग फासलेलं चित्रही पुसलेल्या अवस्थेत नोंदलं जातं. सुंदर काय हे कुणी ठरवत नाही. लोकसाहित्याचा अभ्यासक सोबत असण्याचा हा फायदा. जात्यावरच्या ओवीचे दहा पाठभेद मिळाले तर तो एक खरा आणि नऊ चुकीचे म्हणत नाही.

शिकवताना मी एक प्रयोग केला होता, तो सांगून थांबते. जूनच्या तोंडावर आमच्या गावातल्या एका वखारवाल्याकडून उधारीवर आठ-चारचे सहा शीट आणले, कॉलेजच्या आवारात भिंतीला लावले आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगितलं, उद्या सकाळपर्यंत रंगवा, विषय तुमच्या गल्लीतला, परवानगी कुणाची घ्यायची नाही. पहिला तास सगळ्यांनी मुठी काढल्या. मूठ सगळ्यांना येते. मग एक मुलगा म्हणाला, मॅडम, ही मूठ आमच्या गल्लीत कुणाची आहे? आणि त्याने ती पांढऱ्या रंगाने झाकून त्याच्या गल्लीतल्या नाल्यात उतरलेल्या माणसाचं नाव लिहायला घेतलं. फक्त नाव. रोलरने मोठी अक्षरं ओढताना त्याच्या लक्षात आलं की इतक्या जवळून आपल्याला आपलंच अक्षर वाचता येत नाही. मैत्रीण रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ‘वेलांटी खाली ये’ असं ओरडत होती. मध्यरात्री पाऊस आला. सकाळी कडा फुगल्या होत्या, नाव शाबूत होतं. सगळी मुलं भिजलेली, चहा पीत उभी, आणि कुणीतरी विचारलं, मॅडम, आता हे ठेवायचं कुठे?

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चार शीट आम्ही जिन्याखाली घातले. उरलेले दोन वखारवाल्याने परत मागितले, त्याच्या गोदामाची खिडकी वाऱ्याने गेली होती. ते अजून तिथेच ठोकलेले आहेत, रंगवलेली बाजू आत. नाव लिहिलेला शीट त्यातच गेला. मी अधूनमधून जाऊन पाहून येते, तोही चहा पाजतो.